खसचा सीझन आणि गोव्याची बोट

मार्च संपत आला की दुकानात खसचे, म्हणजे वाळ्याचे, गठ्ठे उतरतात. कोरडी खस हातात घेतली तर तिला जुन्या पोत्यासारखा वास येतो. पाणी पडलं की ती बदलते. गिऱ्हाईक पायरीवर उभं राहून नाक वर करतं, क्षणभर डोळे मिटतं, आणि मला तेव्हाच कळतं की हा आता भाव करताना मार खाणार. वास आवडल्याचं ज्यानं तोंडावर दाखवलं तो संपला.

नागपुरात या वासानं कोणाला काय आठवतं, कोणाला काय. आजोळची दुपार, परीक्षा संपल्याचा दिवस, लग्नाच्या मांडवातलं सरबत. मला एक बोट आठवते. मुंबईहून गोव्याला जाणारी, मोठी, दोन-तीन मजली म्हणतात. मी ती पाहिलेली नाही. समुद्रसुद्धा मी मुंबईला पंखे खरेदी करायला गेलो तेव्हा टॅक्सीच्या खिडकीतून पाहिला तेवढाच. तरी दरवर्षी पहिला कूलर चालू करून पाहताना, पाण्याची धार खसवरून खाली यायला लागली की ती बोट कुठून तरी माझ्या अंगणात येऊन उभी राहते, आणि मला कामगारांवर उगाच ओरडावंसं वाटतं.

मी उमरेडचा. घरी माग होता, पण मागावर सात माणसं जगत नव्हती, म्हणून मामाकडे सुतारकी शिकलो आणि एक रंधा, एक करवत घेऊन नागपूरला आलो. उन्हाळ्यात दाराखिडक्यांना लावायच्या खसच्या ताट्या बांधायचो आणि सायकलवर लादून सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांतून विकायचो. त्या बंगल्यांच्या व्हरांड्यात माझं शिक्षण झालं. साहेबाची बाई बाहेर येऊन ताटीला नावं ठेवायची. पातळ आहे, वास नाही, मागच्या सालची खस आहे, बांबू वाकडा आहे. पहिल्या वर्षी मला वाईट वाटायचं. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं, की जिला ताटी नको असते ती नावं ठेवत नाही. ती 'चांगली आहे, पण नको' म्हणते आणि आत जाते. जी नावं ठेवते तिला ताटी हवी असते. तेव्हापासून मी ते दोन्ही बाजूंनी वापरलं. विकताना नावं ऐकली की दर धरून बसायचं. घेताना, जे आवडलं त्याला नावं ठेवायची, वस्तू खाली ठेवायची आणि चालू लागायचं. तीन-चार पावलांत मागून हाक येते.

लग्न झालं त्या वर्षी कुसुमला घेऊन इतवारीच्या बाजारात पितळी गुंड घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं गुंड पुढे केला आणि ही त्याच्यादेखत म्हणाली, "किती छान आहे." दुकानदारानं दर सांगितला तो त्या 'किती छान'चा होता. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि भर रस्त्यात बोललो. माझा आवाज मोठा आहे. लोक थांबून पाहत होते. मी म्हणालो, आवडलं ते तोंडावर दाखवलंस तर जन्मभर लुटली जाशील. आवडलं की तोंड वाकडं करायचं, ध्यानात ठेव.

तिनं ध्यानात ठेवलं. पाच-सहा वर्षांत इतवारीत तिच्यासारखं नाक मुरडणारं बाईमाणूस नव्हतं. साडीवाले तिला पाहून हसायचे. मला तिचा अभिमान होता आणि मी तो चारचौघांत सांगायचो.

पुढे ताट्या गेल्या, लाकडी कूलर आले, मग पत्र्याचे. नागपूरच्या महाल भागात समोर दुकान, मधे अंगणात कारखाना आणि मागे घर अशी आमची मांडणी झाली. धंदा होळीला सुरू होतो आणि मृग लागला की बसतो. त्या तीन महिन्यांवर वर्ष काढायचं असतं. बाकी जगाला उन्हाळ्याची सुट्टी असते, आम्हाला उन्हाळ्याचं काम. सीझनमधे आठ-दहा कामगार असायचे. त्यांचा स्वयंपाक कुसुम करायची. आणि पाणी तीच भरायची. हे मला वेगळं सांगायला हवं, कारण त्या वेळी मी ते कधीच वेगळं मोजलं नाही. प्रत्येक कूलर गिऱ्हाइकाला देण्याआधी पाणी भरून तासभर चालवून पाहावा लागतो, कुठं गळतो का ते बघायला. एका कूलरला सात-आठ बादल्या. नळ पहाटे यायचा, दीड तास. अंगणात दोन ड्रम होते. नळापासून ड्रमपर्यंत आणि ड्रमपासून कूलरपर्यंत ती बादल्या न्यायची. कामगारांना पत्र्याचं काम असायचं, आणि त्यांच्या रोजीच्या वेळात त्यांनी पाणी भरावं हे मला परवडत नव्हतं.

माझे साडू वामनराव रेल्वेत कारकून. अजनीला क्वार्टर. पगार माझ्या कमाईच्या निम्मा असेल, पण त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या, पास आणि रजा. दरवर्षी हे लोक कुठं तरी जाऊन यायचे. एका दिवाळीत ते मुंबईहून बोटीनं गोव्याला गेले आणि परत आल्यावर आमच्याकडे काजूची पुडी घेऊन आले. मी एक काजू तोंडात टाकला आणि विचारलं, "कितीले घेतले?"

त्यांनी सांगितलं.

"ठकवलं तुमाले," मी म्हणालो. "इतवारीत याच्याहून स्वस्त भेटतात."

वामनराव शांत माणूस. चष्मा पुसत म्हणाले, "भाऊ, तुम्ही देवाच्या दारात गेले तरी आधी भाव करसान. अन् देव म्हणन, जाऊ द्या याले, दुसरं गिऱ्हाईक पाहू."

सगळे हसले. इंदूताई, म्हणजे कुसुमची मोठी बहीण, हसली. ते ठीक होतं. कुसुम हसली. ते मी धरून ठेवलं. साडूनं टोमणा मारावा हा त्याचा हक्क आहे, पण माझ्या घरात, माझ्या खाटेवर बसून, माझ्या बायकोला माझ्यावर हसवावं, हे मला आतवर लागलं. मी रागीट आहे, पण माझा राग लगेच निघून जातो असं लोक म्हणतात. तो राग गेला नाही. मी त्याला जपलं. वामनराव आणि त्यांची बोट ही माझ्या मनात एकच गोष्ट होऊन बसली.

पुढच्या एप्रिलची ती संध्याकाळ. अंगणात पाणी मारलं होतं. नवा कूलर तपासणीला लावला होता आणि त्याचं तोंड मुद्दाम पाहुण्यांकडे केलं होतं, की बसू देत गारव्यात, कळू दे आपला माल. वामनराव, इंदूताई, शेजारचे देशकर मास्तर, मी. कुसुम मध्ये मध्ये येऊन कूलरच्या टाकीत बादली ओतून जायची. आमची रेखा तेव्हा नऊ वर्षांची होती, ती मावशीला चिकटून बसली होती. वामनराव मे महिन्यात पुन्हा बोटीनं निघणार होते. बोट पावसाळ्यात बंद असते. मृगाच्या आधी तिची शेवटची खेप. म्हणजे माझा धंदा आणि ती बोट एकाच वेळी गुंडाळायचे. हे मला तेव्हा मजेशीर वाटलं होतं.

"सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटते," वामनराव सांगत होते. "डेकवर चटई टाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी गोवा. मधात काही करायचं नाही."

"काही करायचं नाही म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"काही म्हणजे काहीच नाही. बसायचं. पाणी पाहायचं."

मास्तर भूगोल शिकवायचे, पण त्यांचा मुळातच विरोध होता. "याले प्रवास नाही म्हणत, वामनराव. प्रवासात गावं लागली पाहिजेत. माणसं चढली-उतरली पाहिजेत."

"चढतात ना. मधी मधी बंदरं लागतात. होड्या येऊन चिकटतात. माणसं उतरतात, फणस चढतात, कोंबड्या चढतात."

"म्हणजे पाण्यावरची एस.टी.च झाली," मास्तर म्हणाले.

मी संधी सोडली नाही. "एक दिवस, एक रात्र एका जागी बसून राहायचं अन् वरून त्याचे पैसे द्यायचे. माझ्या दुकानात बसा ना गा. फुकट. गारवाबी आहे."

मास्तर हसले. वामनरावही हसले. मला बरं वाटलं. तेवढ्यात इंदूताई म्हणाल्या, "तुम्ही माणसं गावं अन् पैसे मोजून राहिले. मले त्या जहाजावर कोणी चहा मागितला नाही. मीच मागितला. अन् आला."

कुसुम रिकामी बादली घेऊन उभी होती.

वामनराव माझ्याकडे वळले. "भाऊ, तुमाले सीझन आहे. आम्ही समजतो. पण कुसुमले अन् रेखाले पाठवा आमच्यासंगं. जायचे-यायचे धरून आठ दिवस."

माझं डोकं तापलं. आठ दिवस! सीझनच्या ऐन मधे! आणि या माणसाबरोबर, म्हणजे परत आल्यावर हा सगळ्यांना सांगणार, की कूलरवाल्याच्या बायकोला समुद्र मी दाखवला. मी म्हणालो, "आमच्या घरची माणसं दुसऱ्याच्या मागं मागं नाही जात."

"मागं मागं काय, संगं म्हणून राहिलो मी," वामनराव म्हणाले. मग त्यांनी थेट विचारलं, "कुसुम, तूच सांग वं. तुले यायचं आहे का?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. मीही. तिनं बादली खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि नाक मुरडलं.

"काय ठेवलं आहे जहाजात, भाऊजी? जिकडं पाहावं तिकडं पाणी. मासळीचा वास. ऐकूनच मळमळते मले. अन् एवढ्या लोकांत चटईवर झोपायचं. मले नाही यायचं."

रेखा म्हणाली, "आई, पण सकाळी तर तू—" तिला तिच्या आईनं आत बोलावून घेतलं. "चाल, ताटं मांड." आणि ती घराकडे चालू लागली. दाराशी थांबली. उंबरठ्याजवळ एक बादली होती, ती वाटेत नव्हती तरी तिनं वाकून बाजूला सरकवली. मग पुन्हा थोडी इकडची तिकडे केली. मग आत गेली.

मी वामनरावांकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं ते मला दिसलं नाही, पण मास्तर नंतर कधी तरी म्हणाले की त्या दिवशी तुम्ही कुस्ती जिंकल्यासारखे बसले होते.

तीस वर्षांत मला कोणी फसवू शकलं नाही. मुंबईचे पंखेवाले, कन्हानचा पत्रावाला, कारखान्यांचे शिकलेले खरेदी अधिकारी, सगळे माझ्यासमोर बसून नावं ठेवतात आणि मला त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर दिसतं की यांना किती हवं आहे. त्या संध्याकाळी माझ्या स्वतःच्या अंगणात, मीच शिकवलेली बाई, मीच शिकवलेल्या शब्दांत एका वस्तूला नावं ठेवत होती, चार पावलं चालून दाराशी थांबली होती, आणि मला काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर दिसलं नाही असं नाही. पाहायला मला परवडत नव्हतं.

तो मे महिना कडक गेला. नवतप्याच्या त्या नऊ दिवसांत डांबर चपलेला चिकटत होतं. सगळं नागपूर कूलर मागत होतं आणि मी सगळ्यांना उद्या सांगत होतो. कुसुमच्या हाताला बादलीच्या कडीनं घट्टे पडले होते. ती त्यांवर खोबरेल लावायची आणि पोळ्या लाटताना बोटं वर धरायची. इंदूताईंचं गोव्याहून कार्ड आलं. तिनं ते अंगणात उभ्यानंच वाचलं, दोनदा. मी पत्रा कापत होतो. "काय म्हणते ताई?" मी विचारलं.

"काही नाही. खुशाल आहेत म्हणते."

ती कार्ड पोलक्यात खोचून पुन्हा नळाकडे गेली.

मला काहीच वाटलं नव्हतं असं नाही. एका रविवारी मी दुकान लवकर बंद केलं आणि दोघींना रिक्षात घालून अंबाझरीला नेलं. म्हटलं, बोट बोट काय करता, होडीत बसा. संध्याकाळ होती. तळ्यावरून थोडा वारा येत होता. होडीवाल्यानं दर सांगितला. मी म्हणालो, होडी आहे का विमान. त्यानं थोडे पैसे कमी केले. मी म्हणालो, तुझी फळी सडलेली आहे, वल्हं एकच धड आहे. तो म्हणाला, "मग नका बसू साहेब." माझ्या तोंडावर कोणी असं बोललं की मला सहन होत नाही. मी मोठ्यानं दोन शब्द बोललो, दोघींना घेतलं आणि चालू लागलो. हाक येईल म्हणून मी कान मागे ठेवून चालत होतो. आली नाही. वळून पाहिलं तर त्यानं दुसऱ्या बिऱ्हाडाला बसवून होडी ढकललीसुद्धा होती. एक बाई त्यात बसून पाण्यावर बोटं फिरवत होती.

आम्ही बांधावर उभे राहिलो. रेखा रडकुंडीला आली होती. कुसुम म्हणाली, "बरं झालं. होडी गळकीच दिसून राहिली होती."

"तेच तर," मी म्हणालो.

हे 'तेच तर' मला आज माझ्या सगळ्या शिव्यांपेक्षा वाईट वाटतं.

नंतरची वर्षं कशी गेली याचा हिशोब मी अनेकदा मांडून पाहिला. बोट दिवाळीतही चालू असायची. दिवाळीला माझा सीझन नसतो. तेव्हा मला जाता आलं असतं. पण दिवाळीनंतर खस स्वस्त मिळते म्हणून मी तिच्या मागे असायचो. एक वर्ष वरचा मजला बांधला. एक वर्ष कुसुमची कंबर धरली. आणि ज्या वर्षी काहीच नव्हतं त्या वर्षी वामनराव होते. वामनराव ज्या बोटीत बसला त्या बोटीत मी बसणार नाही, असं मी मनात म्हणायचो, आणि ते म्हटलं की इतर कारणं शोधावी लागायची नाहीत. रुसवा फार सोयीचा असतो. तो जपायला खर्च येत नाही, आणि त्याच्या आडोशाला माणूस कितीही वर्षं निवांत बसू शकतो.

रेखाचं लग्न ठरलं तेव्हा इतवारीत साड्या घ्यायला गेलो. गादीवर पांढऱ्या चादरी, कापडाच्या खळीचा वास, छताला हळू फिरणारा पंखा. दुकानदार वरच्या मजल्यावरून आणखी शालू आणायला गेला होता. मी खांबाच्या या बाजूला बसून चहा पीत होतो. दोघी पलीकडे. मी त्यांना दिसत नव्हतो.

रेखा म्हणत होती, "आई, तो मोरपंखी. मले तोच पाहिजे."

"मग तोंड वाकडं कर. त्याच्यासमोर हातबी लावू नको. म्हणायचं, काठ भडक आहेत."

"अन् त्यानं ठेवून देला तर?"

"नाही ठेवत. चार पावलं गेली की बोलावते."

"नाहीच बोलावलं तर?"

कुसुमनं पुढ्यातली एक साडी घडी करून बाजूला ठेवली. मग हसून म्हणाली, "तर गेलं. मागं वळायचं नाही. मी एकदा जहाजाले तोंड वाकडं केलं होतं. दारापर्यंत गेली. तुह्या बाबांनी बोलावलंच नाही."

"अंबाझरीच्या वर्षी ना?" रेखा म्हणाली. "तू तर बॅग पाहून ठेवली होती वं."

"चूप. तो येऊन राहिला."

दुकानदार जिन्यावरून उतरत होता. मी कप खाली ठेवला आणि उठून त्यांच्याकडे गेलो. त्या दिवशी मी शालूचा भाव कसा केला हे तो दुकानदार अजून सांगतो. मी ओरडलो, त्याला लुटारू म्हणालो, दोनदा उठून निघालो. त्याचा काय दोष होता. मला कोणावर तरी ओरडायचं होतं आणि तो समोर होता. शेवटी त्यानं कंटाळून दर कमी केला. मोरपंखी शालू घेऊन आम्ही घरी आलो, आणि कुसुम रिक्षात म्हणाली, "आज तुम्ही जास्तच केलं."

मी तिला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुढची तीन वर्षंही नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, आणि मग ते घरात राहिलं असतं. न विचारल्यानं ते फक्त माझ्यात राहिलं.

यंदा खसचा पहिला कूलर लावला त्याच आठवड्यात वामनराव आले. आता रिटायर झालेत, काठी घेतात. त्यांचा पुतण्या अमेरिकेत असतो. त्यानं एका जहाजाचा रंगीत फोटो पाठवला होता. गोव्याची बोट त्याच्यापुढे होडी वाटावी असं ते धूड. पांढरंशुभ्र, खिडक्यांच्या रांगांवर रांगा, एखादी गल्लीच उचलून पाण्यावर ठेवल्यासारखी. त्यात दोन-तीन हजार माणसं राहतात म्हणे. वर पोहायचा तलाव, नाटकगृह, दुकानं. आठवडाभर समुद्रात हिंडायचं आणि निघालो तिथंच परत उतरायचं.

देशकर मास्तरांनी फोटो डोळ्याजवळ धरला. "समुद्रात जाऊन तलावात पोहायचं. याले काय म्हणावं?"

"गंमत म्हणावं, मास्तर," वामनराव म्हणाले.

"अन् निघाले तिथंच उतरले, मग गेले कुठं?"

"माणूस फिरायले जाते तेव्हा कुठं जाते? घरीच येते ना परत."

"तीन हजार माणसं, दुकानं, नाटकं. अवघा सीताबर्डीचा बाजार संगं घेऊन जायचा, तर मग घर कायले सोडायचं?"

वामनराव म्हणाले, "पोराचं म्हणणं आहे की तिथं सकाळपासून रात्रीपर्यंत कोणतं काम नाही. ताट समोर येते. अंथरूण दुसरा झटकते. त्याची बायको म्हणे पहिले दोन दिवस कावरीबावरी झाली होती. तिले समजेच ना, की हातांचं काय करू."

फोटो फिरत फिरत कुसुमकडे गेला. तिनं चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "एवढ्या लोकाईले प्यायचं, आंघोळीचं पाणी? ते कोण भरते?"

सगळे हसले. वामनराव तर खोकेपर्यंत हसले. मी उठून कूलरची टाकी उगाच उघडून पाहिली. टाकी भरलेली होती. आता अंगणात मोटर आहे, नळी आहे. पाणी भरायला बाई लागत नाही. ती मोटर मी रेखाच्या लग्नानंतर बसवली. पंधरा वर्षं आधीही ती बाजारात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेलो. कुसुम कुरडया घालत होती. खाली परात, परातीत गव्हाचा शिजवलेला चीक, हातात सोऱ्या. प्लॅस्टिकवर पांढऱ्या चकल्यांच्या रांगा. ऊन अजून कोवळं होतं. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं, कामगार खालून हाका मारत होता. मी तिच्याजवळ पायरीवर बसलो. मला सरळ विचारता येत नाही, सवयच नाही. पण त्या दिवशी सरळ विचारलं.

"कुसुम, त्या साली तुले जायचं होतं?"

कोणत्या साली, असं तिनं विचारलं नाही. सोऱ्या फिरवत होती ती फिरवत राहिली.

"होतं," ती म्हणाली.

"मंग तसं म्हटलं काहून नाही?"

"म्हटलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

मी काय म्हटलं असतं ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. तिनं एक कुरडई पुरी केली, शेवट बोटानं तोडला.

"जहाज नव्हतं पाहायचं मले. जहाज काय, चित्रातबी दिसते. इंदूताई म्हणे, पाणी एवढं खाली असते की वाकलं तरी हात पोचत नाही. मले वाटलं, एक दिवस, एक रात्र इतक्या पाण्यात राहायचं अन् पाण्याले हात नाही लावायचा. तेवढंच वाटलं होतं."

खालून पुन्हा हाक आली. मी पायरीवरच बसून राहिलो.

"चाल मंग," मी म्हणालो. "मृगाच्या आधी. बोट चालूच आहे अजून. दुकान बंद ठेवतो."

"सीझनमधी?"

"सीझनमधी."

तिनं सोऱ्या खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं, गिऱ्हाइकाकडे पाहतो तसं, कारण मला दुसरं पाहता येत नाही. मी वाट पाहत होतो. आता ती म्हणेल, या वयात काय जहाज. म्हणेल, मळमळते, गुडघे दुखतात, मासळीचा वास येतो, पैसे जास्त लागतात. तिनं यातलं एक जरी नाव ठेवलं असतं तरी मी तसाच उठून स्टेशनवर रिझर्वेशनच्या रांगेत उभा राहिलो असतो. चार वेळा नाही म्हणाली असती तर पाचव्यांदा हाक मारली असती.

"चांगलंच असन ते जहाज," कुसुम म्हणाली. "पण आता नको."

मग तिनं परातीतला चीक सोऱ्यात भरला आणि पुढची कुरडई घालायला घेतली.